दूरशिक्षणाची पदवी आणि परदेशातील नोकरी

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात विद्यार्थी व पालक यांच्या सभेपुढे केलेले भाषण)



आपल्या विद्यार्थी साहाय्यक निधीकडे येणाऱ्या अर्जांवरून दृष्टी फिरविली असता अलीकडे दोन गोष्टी वारंवार एकत्र आढळतात. अर्जदार दिवसा कोठेतरी नोकरी करीत असतो किंवा वडिलांच्या दुकानात बसत असतो आणि पदवीचा अभ्यास मुक्त विद्यापीठातून अथवा एखाद्या विद्यापीठाच्या दूरशिक्षण विभागातून करीत असतो, ही एक. अर्जाच्या अखेरच्या रकान्यात 'पुढे परदेशी नोकरी करण्याचा मानस आहे' असे त्याने लिहिलेले असते, ही दुसरी. निधीच्या नियमावलीत मात्र 'नियमित महाविद्यालयीन विद्यार्थी' असे शब्द आहेत. त्यामुळे हे अर्ज एक तर परत जातात किंवा पुढील बैठकीवर ढकलले जातात. ही पदवी परदेशात चालते की नाही, याचा एकदा निकाल लागला म्हणजे नियमाचाही विचार करता येईल, असे कार्यकारी मंडळास वाटले व ते काम त्यांनी आमच्याकडे सोपविले.

'चालते की नाही' अशा शब्दांत प्रश्न विचारला की उत्तरही तसेच एका शब्दात मिळावे अशी अपेक्षा असते. वडील मंडळींचे मत ठाम आहे : कॉलेजची पायरी न चढता मिळालेली पदवी ती कसली पदवी! तरुणांचे मत तितकेच ठाम आहे : सरकारनेच आता सर्व पदव्या समान ठरविल्या आहेत, मग अडचण कसली? आमच्या मते दोघांनीही प्रश्नाचे मूळ पाहिलेले नाही. पदवी दूरशिक्षणाची आहे एवढ्यावरूनच परदेशात निकाल लागला, असे सहसा घडत नाही. पदवी देणारी संस्था कोणती, जावयाचे तो देश कोणता आणि तेथे करावयाचे काम कोणते, यांवरून तो लागतो. आणि या तिन्ही गोष्टींची चौकशी प्रवेशाचे शुल्क भरण्यापूर्वी करता येते. दुर्दैवाने आपल्याकडे ती व्हिसाच्या वेळी होते.

वडील मंडळींच्या आक्षेपाकडे आधी वळू. पदवी म्हणजे वर्गातील उपस्थितीचा दाखला, ही समजूत आपण मानतो तितकी सनातन नाही. लंडन विद्यापीठाने १८५८ सालच्या सनदेन्वये आपल्या परीक्षा बाहेरच्या विद्यार्थ्यांस खुल्या केल्या. त्याच विद्यापीठाच्या धर्तीवर त्याच्या आदल्या वर्षी मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली होती; आणि प्रारंभीचे मुंबई विद्यापीठ स्वतः शिकवीत नसे, महाविद्यालयांतून तयार होऊन आलेल्यांची परीक्षा घेई व पदवी देई. नेल्सन मंडेला यांनी तुरुंगवासाच्या अखेरच्या काळात, १९८९ साली, कायद्याची पदवी मिळविली ती दक्षिण आफ्रिका विद्यापीठाकडे पत्रद्वारा अभ्यास करूनच. आपल्या देशात दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली पत्रद्वारा शिक्षणास आरंभ केला. मुंबई विद्यापीठाने १९७१ साली तो मार्ग अनुसरला. पुढे १९८२ साली हैदराबादेस देशातील पहिले मुक्त विद्यापीठ निघाले, १९८५ साली इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचा कायदा झाला आणि १९८९ साली नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन होऊन डॉ. राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू झाले. ज्यांना दिवसा पोटासाठी राबावे लागते त्यांच्यासाठी निघालेली ही विद्यापीठे होत. आपल्या ज्ञातीतील किती घरांत थोरल्या मुलाने धंदा सांभाळला म्हणून धाकट्यांची कॉलेजे झाली, हे येथे बसलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे. त्या थोरल्याने चाळिशीपूर्वी पदवी घेतली तर तिला 'घरबसल्या मिळालेला कागद' म्हणावयाचे, हा न्याय आम्हांस तरी पटत नाही.

(आपल्या या स्मरणिकेतील वधूवरसूचीतही हीच वृत्ती दिसते. मुलगी दूरशिक्षणाने एम.ए. झालेली असली तर पालक नुसते 'एम.ए.' छापवितात, आणि नियमित असली तर कॉलेजचे नावही आवर्जून घालतात! असो.)

आता तरुणांच्या बाजूकडे. विद्यापीठ अनुदान आयोगाने सप्टेंबर २०२० मध्ये मुक्त व दूरशिक्षणाविषयी तसेच ऑनलाइन शिक्षणाविषयी जे विनियम केले, त्यांत मान्यताप्राप्त संस्थेने या मार्गांनी दिलेली पदवी नियमित पदवीशी समान मानावी असे म्हटले आहे. आणि सप्टेंबर २०२२ मध्ये आयोगाने त्याचा पुन्हा जाहीर खुलासा केला. इतके खरे. परंतु हा आपल्या आयोगाचा निर्णय आहे, आणि तो आपल्या देशात लागू आहे. बर्लिन, टोरांटो किंवा अबू धाबी येथील अधिकारी आपल्या देशाच्या नियमाने चालतो. आपल्या आयोगाची मान्यता ही त्याच्या दारापर्यंत जाण्याची वाट आहे. दार उघडणे त्याच्या हाती.

शिवाय 'मान्यताप्राप्त' या शब्दाकडे तरुण मंडळी पुरेसे लक्ष देत नाहीत. विद्यापीठ खरे असले एवढ्याने भागत नाही. दूरशिक्षणाची मान्यता त्या त्या अभ्यासक्रमास आणि त्या त्या वर्षासाठी असते. विद्यापीठ यादीत आहे, पण आपला विषय यादीत नाही. विषय आहे, पण आपण प्रवेश घेतला त्या वर्षी नव्हता, असेही होते. राज्याच्या विद्यापीठास आपल्या हद्दीबाहेर जाऊन दूरशिक्षणाची केंद्रे चालविता येत नाहीत आणि तिऱ्हाइताकडे अशी केंद्रे ठेक्याने सोपविता येत नाहीत. ही यादी आयोगाच्या दूरशिक्षण विभागाने सर्वांस पाहण्यासाठी खुली ठेवली आहे. प्रवेशाच्या दिवशी ते पान छापून पदवीच्या कागदांबरोबर जपून ठेवावे, असे आम्ही प्रत्येकास सांगत असतो.

आणि काही विषय असे आहेत की ज्यांची पदवी या मार्गाने मिळतच नाही. वैद्यक, दंतवैद्यक, परिचर्या, औषधनिर्माण, वास्तुकला, कायदा, अभियांत्रिकी ही त्यांतील ठळक नावे. २०२५ सालच्या प्रवेशांपासून मानसशास्त्रासारखे आरोग्यसेवेशी संबंधित विषयही आयोगाने दूरशिक्षणातून वगळले आहेत. अभियांत्रिकीविषयी सर्वोच्च न्यायालयाने ३ नोव्हेंबर २०१७ रोजी जो निकाल दिला, तो प्रत्येक पालकाने लक्षात ठेवण्यासारखा आहे. काही अभिमत विद्यापीठांनी आवश्यक संमती न घेता पत्रद्वारा अभियांत्रिकीच्या पदव्या दिल्या होत्या. २००१ ते २००५ या काळात प्रवेश घेतलेल्यांना एक परीक्षा देऊन पदवी राखण्याची संधी न्यायालयाने दिली. त्यानंतर प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या परत घेण्यास सांगितले. त्या पदवीच्या जोरावर ज्यांस बढत्या मिळाल्या होत्या, ते एका दिवसात पदवीहीन झाले. आमच्या माहितीतील एका ज्ञातिकुटुंबाने मुलाच्या अशाच अभ्यासक्रमासाठी घरातील सोने मोडले होते. केंद्रचालकाने भिंतीवर परदेशी झेंड्यांची चित्रे लावली होती, आणि पालकांनी ती चित्रे पाहिली. मान्यतेचे पत्र मागितले नाही.

आता देशांविषयी. परदेशांत कामाचे दोन प्रकार मानतात. काही कामांस तेथील मंडळाची नोंदणी लागते : परिचारिका, वैद्य, शाळेतील शिक्षक, पुष्कळ ठिकाणी अभियंताही. अशा कामांत पदवी कशी, कोठे आणि किती तास शिकून मिळविली, हे मंडळ बारकाईने तपासते. ब्रिटनशी २१ जुलै २०२२ रोजी परस्परमान्यतेचा जो करार झाला, त्यातूनही वैद्यक, अभियांत्रिकी, कायदा यांसारख्या व्यावसायिक पदव्या बाहेर ठेविल्या आहेत. मार्च २०२३ मधील ऑस्ट्रेलियाच्या करारातही व्यवसायाची नोंदणी येत नाही. दुसऱ्या प्रकारची कामे म्हणजे हिशेब, विक्री, संगणक, कार्यालयीन व्यवस्था. यांत मालकास माणूस पटला पाहिजे आणि व्हिसाच्या अधिकाऱ्यास कागद पटला पाहिजे. दूरशिक्षणाच्या पदवीस खरा वाव आहे तो येथे.

जर्मनीत परदेशी विद्यापीठांची व पदव्यांची 'अ‍ॅनाबिन' नावाची सरकारी सूची आहे. आपल्या विद्यापीठापुढे 'एच प्लस' अशी खूण आहे किंवा नाही आणि आपली पदवी तेथे नोंदलेली आहे किंवा नाही, हे घरी बसून पाहता येते. नोंद नसेल तर तुल्यतेचा दाखला मागविता येतो. युरोपात तीन वर्षांची पदवी आता रूढ असल्याने आपल्या तीन वर्षांच्या बी.ए. किंवा बी.कॉम.कडे तेथे केवळ वर्षांमुळे सहसा कोणी संशयाने पाहत नाही. संगणकाच्या कामात तर नोव्हेंबर २०२३ पासून पदवी नसतानाही, अलीकडच्या सात वर्षांत तीन वर्षांचा योग्य अनुभव असल्यास, ब्लू कार्ड मिळू शकते. कॅनडात स्थायिक होण्याच्या एक्स्प्रेस एंट्री योजनेत तेथील सरकारने नेमलेल्या संस्थेकडून पदवीचे मूल्यमापन करून घ्यावे लागते. तीही संस्था मुख्यतः पाहते ते विद्यापीठाची मान्यता आणि पदवीची वर्षे. ब्रिटनमध्ये कुशल कामगाराच्या व्हिसासाठी जुलै २०२५ पासून पदवीधराच्या दर्जाचे काम असावे लागते. पण तो दर्जा नोकरीचा मोजतात, उमेदवाराच्या भिंतीवरील प्रमाणपत्राचा नव्हे.

अमेरिकेची अडचण निराळी आहे, आणि तिचा दूरशिक्षणाशी संबंध नाही हे पुष्कळांस ठाऊक नसते. तेथील पदवी चार वर्षांची. आपली बहुतेक पदवी तीन वर्षांची. एच-१बी व्हिसासाठी ही उणीव अनुभवाने भरून काढता येते : शिक्षणाच्या एका वर्षाच्या जागी कामाची तीन वर्षे, असा तेथील नियमाचा हिशेब आहे. म्हणजे नियमित कॉलेजात शिकून लगोलग अर्ज करणाऱ्या बी.कॉम.पेक्षा नोकरी करता करता दूरशिक्षणाने बी.कॉम. झालेला माणूस या एका बाबतीत पुढे असू शकतो. सप्टेंबर २०२५ मधील घोषणेने नव्या एच-१बी अर्जांवर एक लक्ष डॉलरचे शुल्क बसविण्यात आल्यापासून ही वाटच अरुंद झाली, तो भाग वेगळा.

आपली मंडळी सर्वांत अधिक संख्येने जातात ती आखाती देशांत, आणि दूरशिक्षणाविषयी सर्वांत अधिक कटकट होते तीही तेथेच. पदवी खरी आहे का, एवढ्यावर तेथे भागत नाही. ती हजर राहून घेतली का, असे विद्यापीठाकडून लेखी मागविण्याची प्रथा तेथे पडलेली आहे. २०१८ च्या सुमारास संयुक्त अरब अमिरातीत एक विलक्षण प्रकार घडला. आपल्या गुणपत्रिकांत 'इंटर्नल' व 'एक्स्टर्नल' असे गुणांचे दोन रकाने असतात. एक वर्षभराच्या चाचण्यांचा, दुसरा विद्यापीठाच्या परीक्षेचा. तेथील अधिकाऱ्यांनी 'एक्स्टर्नल' याचा अर्थ बहिःस्थ विद्यार्थी असा घेतला, आणि वर्षानुवर्षे वर्गात बसून शिकलेल्या शिक्षकांचेही समकक्षतेचे दाखले अडले! आपल्या दूतावासाने खुलासा केल्यावर तो घोळ मिटला. जे वर्गात बसले होते त्यांची ही गत, तर खरोखरीच बहिःस्थ असलेल्यांनी काय समजावयाचे? शिक्षकी किंवा नोंदणी लागणारे कोणतेही काम मनात धरून आखातात जाणाऱ्याने दूरशिक्षणाच्या पदवीवर विसंबू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. दुकान, गोदाम, विक्री यांतील नोकरीसाठी जाणाऱ्यास मात्र ही पदवी सहसा आड येत नाही. आणि तेथे गेल्यावर संध्याकाळी बसून ती पुरी करणारेही पुष्कळ आहेत.

हिशेबाच्या व्यवसायाचा येथे मुद्दाम उल्लेख केला पाहिजे. सनदी लेखापालाची परीक्षा देणारी कितीतरी मुले आर्टिकलशिपच्या काळात बी.कॉम. दूरशिक्षणानेच करतात, कारण सकाळपासून रात्रीपर्यंत ती लेखापरीक्षकाच्या कार्यालयात असतात. पुढे ती परदेशी जातात तेव्हा त्यांची बी.कॉम. कशी झाली याची चौकशी कोणी फारशी करीत नाही, कारण सनदी लेखापालाची पात्रता वजनदार असते आणि आपल्या संस्थेचे काही परदेशी लेखापाल संस्थांशी परस्परमान्यतेचे करार आहेत. एकट्या पदवीने जे होत नाही ते व्यवसायाच्या परीक्षेच्या जोडीने होते, हे या मुलांकडे पाहून समजते.

यापुढील गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण अर्ज अडतात ते पुष्कळदा तिच्यापायी. आपल्याकडील गुणपत्रिकांत आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचे नाव आणि वेगळ्या रकान्यात आईचे नाव असते. पारपत्रात क्रम निराळा. मुलीचे लग्न झाले की पदवीवर माहेरचे नाव आणि पारपत्रावर सासरचे. परदेशी मूल्यमापकाच्या दृष्टीने ही दोन निरनिराळी माणसे होत. पतीच्या मागोमाग जर्मनीस किंवा कॅनडास जाणाऱ्या आपल्या कितीतरी मुली तेथे नोकरी करू इच्छितात. लग्नाच्या धामधुमीत त्यांच्या शालूची काळजी सर्वांस असते. नावबदलाच्या राजपत्राची आणि गुणांच्या मोहोरबंद प्रतींची आठवण कोणास होत नाही. या प्रती विद्यापीठातून मूल्यमापकाकडे परस्पर पाठवाव्या लागतात, आणि परदेशातून विद्यापीठाच्या खिडकीशी उभे राहता येत नाही. तसेच साक्षांकनाचे : भारत २००५ साली हेगच्या अपोस्टिल करारात सामील झाला, त्यामुळे त्या करारातील बहुतेक देशांसाठी परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का पुरतो, जे देश करारात नाहीत त्यांच्यासाठी दूतावासाचाही शिक्का लागतो. हे काम येथे असतानाच उरकावे.

आणि अनुभवाचा दाखला! दूरशिक्षणाने शिकणाऱ्याचे मोठे भांडवल म्हणजे त्याने शिकता शिकता केलेले काम, असे आम्ही वर सुचविले. परंतु आपल्या ज्ञातीतील मुलाने आठ वर्षे वडिलांच्या दुकानात काम केलेले असते आणि त्या आठ वर्षांचा एकही कागद नसतो. पगार नाही, कारण बापलेकांत पगार कसला? खात्यात जमा नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही, नेमणुकीचे पत्र नाही. परदेशी अधिकाऱ्याच्या लेखी तो आठ वर्षे रिकामा बसला होता. बापाने लेकास पगारपत्रकावर घेणे आपल्याकडे अपमानाचे मानतात. काही काकामंडळी आमच्यावर यावरून रागावलीही आहेत. तरी आम्ही पुन्हा सांगतो की, महिना ठराविक रक्कम मुलाच्या बँकखात्यात धनादेशाने जमा करावी, कर भरावा, आणि त्यास रीतसर नेमणूकपत्र द्यावे. त्या पत्राची किंमत काही वेळा पदवीहूनही अधिक ठरते. जपानमध्येही एका मुख्य वर्गाच्या नोकरीसाठी पदवी नसेल तर दहा वर्षांचा संबंधित अनुभव चालतो. पण तो सिद्ध करावा लागतो.

भाषेविषयी थोडेच सांगतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठविण्याचा करार केला आणि प्रायोगिक स्वरूपात दहा हजार तरुणांचा आकडा पुढे ठेवला. वीजतंत्री, वाहनचालक, परिचारिका अशी कामे त्यात होती. तेथे कॉलेज नियमित की दूरचे, हा प्रश्न फार मागे पडतो. पहिला अडथळा जर्मन भाषेचा असतो. तीन वर्षांच्या दूरशिक्षणात दररोज एक तास भाषेस दिला असता तर किती मुलांची वाट सुकर झाली असती, हे भाषावर्गांच्या शिक्षकांस विचारावे.

या सर्वाचा आपल्या निधीशी संबंध काय, ते सांगून आम्ही खाली बसतो. नियमावलीतील 'नियमित महाविद्यालयीन' हे शब्द काढून त्या जागी 'मान्यताप्राप्त संस्थेत व मान्यताप्राप्त अभ्यासक्रमात शिकणारा' असे शब्द घालावेत, अशी सूचना उद्याच्या सर्वसाधारण सभेपुढे येत आहे. तिला आमचा पाठिंबा आहे, मात्र एका अटीवर. अर्जदाराने प्रवेशवर्षाच्या मान्यतेची छापील प्रत जोडावी, आणि परदेशी जाण्याचा मानस लिहिला असल्यास कोणत्या देशात कोणते काम, हेही लिहावे. ज्यास ते लिहिता येत नाही त्याचा अर्ज फेटाळू नये. त्यास बोलावून चिटणिसांनी अर्धा तास त्याच्याशी बसावे. याखेरीज मूल्यमापनाचे शुल्क, गुणांच्या मोहोरबंद प्रती व साक्षांकन यांसाठी परतफेडीच्या बोलीने लहान कर्ज द्यावे असेही आम्हांस वाटते, कारण पदवी झालेल्या मुलाचे पाऊल अडते ते बहुधा याच खर्चापाशी. उद्याची सभा सकाळी दहा वाजता याच सभागृहात आहे. ज्या पालकांची मुले सध्या दूरशिक्षण घेत आहेत, त्यांनी प्रवेशाची पावती, मान्यतेचा कागद आणि पारपत्राची प्रत बरोबर आणावी. नावांचा मेळ बसतो की नाही, हे आम्ही सभेपूर्वी तासभर तेथेच बसून पाहून देऊ.